सुटे आवाज

मोबाइलवरून दोन माणसांना एकत्र गाता येत नाही. बोलता येतं, भांडता येतं, एकीने म्हटलेलं दुसरीला ऐकता येतं. पण दोघींनी एकाच क्षणी समेवर यायचं म्हटलं तर काही केल्या जमत नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये जगभरच्या गाणाऱ्या माणसांना हे एकदमच कळलं. आमच्या डोंबिवलीच्या भजनी मंडळालाही तेव्हाच कळलं.

कारण तसं साधं आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. हॉलच्या दोन टोकांना बसलेल्या बायकांमध्ये दहा मीटरचं अंतर असलं तरी एकीचा स्वर दुसरीपर्यंत सेकंदाच्या तीन शतांश भागात पोचतो. एवढा उशीर कान चालवून घेतात. त्याच्या फार पुढे गेलं की एक जण दुसरीसाठी नकळत थांबते, दुसरीही पहिलीसाठी थांबते, आणि लय हळूहळू मंदावत जाते. व्हिडिओ कॉलवर हा उशीर सहज पाचपट होतो. त्यात ही ॲप मुळात बोलण्यासाठी बनवलेली. एकीचा आवाज आला की बाकीच्यांचा दाबायचा, आणि जो आवाज अखंड चालू आहे तो पंख्याचा समजून पुसून टाकायचा, असा त्यांचा खाक्या. त्यात तानपुरा पहिल्यांदा जातो. टाळ तर तुटक तुटक खडखडत येतात.

आमचं मंडळ म्हणजे दर गुरुवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून बसणाऱ्या बायका. एक पेटी, एक तबला, आणि ज्यांच्या हाताला लय आहे त्यांच्या हातात टाळ. रीतसर गाणं शिकलेल्या फक्त आमच्या पेटीवाल्या काकू. बाकी सगळ्या ऐकून ऐकून गाणाऱ्या.

मंडळात गाण्याचं सुख मंडळात बसलेल्यांनाच ठाऊक. वरचा सा तुम्हाला लागला नाही तर शेजारणीला लागतो. श्वास संपला तर मधेच सोडून द्यायचं. दुसऱ्या कुणाचा तरी चालू असतोच, ओळ तुटत नाही. काकू पुढे म्हणतात, आम्ही मागून झेलतो. घरात जन्मभर ‘जरा हळू’ ऐकत आलेल्या बायका तिथे मोकळ्या गळ्याने गातात, कारण तिथला आवाज कुणा एकीचा नसतो.

आणि नेमकी हीच गोष्ट त्या वर्षी सगळ्यांत धोक्याची ठरली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यातला एक गायकवृंद १० मार्च २०२० रोजी सरावाला जमला होता. ६१ जण आले होते. अडीच तास सराव झाला. पुढच्या काही दिवसांत त्यातल्या ५३ जणांना कोविड झाला, किंवा झाला असावा असं धरलं गेलं. दोघे दगावले. गाताना माणूस खोल श्वास घेतो आणि जोरात सोडतो, बंद खोलीत सगळ्यांचा श्वास मिसळतो, असं तेव्हा डॉक्टर समजावून सांगू लागले. आमच्यातल्या एक-दोघी म्हणत होत्या, गच्चीवर लांब लांब बसून म्हणू या की. पण मंडळातल्या निम्म्या बायका साठीच्या पुढच्या, कुणाला साखर, कुणाला दमा. काकूंनी विषय तिथेच बंद केला. “विठोबा वाट बघेल,” म्हणाल्या.

त्याआधी एकदाच सगळ्यांचे टाळ एका वेळी वाजले होते. २२ मार्चला, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी पाच वाजता, लोकांनी गॅलरीत येऊन थाळ्या आणि घंटा वाजवल्या तेव्हा आमच्या बायकांनी टाळ काढले. अ विंगमधून एक, समोरच्या इमारतीतून दोन, खालून एक. कुणाचाच ठेका कुणाशी जुळला नाही. भिंतींवर आपटून प्रत्येक आवाज दुप्पट होऊन परत येत होता. तरी मला कळत होतं, तो तिसऱ्या मजल्यावरचा जड काशाचा आवाज कुणाच्या टाळांचा आहे. इटलीतली माणसं त्याच महिन्यात खिडक्यांत उभी राहून गात होती. सिएनाच्या अंधाऱ्या गल्लीत एका खिडकीतून सुरू झालेलं गाणं पलीकडच्या खिडक्यांनी उचललेलं आपण सगळ्यांनी फोनवर पाहिलं. त्या गल्ल्या अरुंद होत्या म्हणून ते जमलं. आमच्या इमारतींच्या मधे पार्किंग आहे.

एकेकीने आपापल्या घरी गाऊन आवाज पाठवायचे आणि नंतर ते जोडायचे, ही युक्ती माझ्या मुलीने सुचवली. तिला कॉलेजच्या वर्गामुळे ठाऊक होती. युक्ती नवी नाही. एरिक व्हिटेकर या अमेरिकन संगीतकाराने २०१०मध्ये १२ देशांतल्या १८५ जणांचे आवाज असेच जोडून पहिला आभासी गायकवृंद उभा केला होता, आणि २०२०च्या जुलैत त्याच्या नव्या गाण्यात १२९ देशांतले १७,५७२ आवाज होते. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे आमचं मंडळ म्हणजे काहीच नव्हे. पण काम तेच, आणि कष्टही साधारण तेच.

पहिल्यांदा काकूंनी ॲपवरचा तबला-तानपुरा लावून, पेटी धरून अख्खा अभंग एकटीने म्हटला. सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, म्हणजे काळी चार, आणि भजनी ठेका. तो सगळ्यांना पाठवला. मग प्रत्येकीने एका फोनवर तो कानात ऐकायचा आणि दुसऱ्या फोनवर आपला आवाज धरायचा. कानात लावायची वायर हवी, नाहीतर पेटीही तुमच्या आवाजात उतरते. दुसरा फोन हवा. त्या काळात दुसरा फोन म्हणजे नातवाची शाळा, म्हणून बायका दुपारी तास संपायची वाट बघत. मे महिन्याच्या उकाड्यात पंखा बंद करायचा. खोली घुमते म्हणून गाद्यांच्या कपाटाचं दार उघडून त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवलं तर आवाज चपटा होतो, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. हे सगळं मी एकेकीला फोन करून सांगितलं, काहींना पुन्हा पुन्हा सांगितलं. ज्यांना कधी फोनवरून लाइटचं बिलही भरता आलं नव्हतं त्या आठवड्याभरात मला विचारू लागल्या, “अगं, एमपीथ्री पाठवू का वेव्ह?”

गाण्याआधी काकूंच्या आवाजात एक, दोन, तीन, चार, आणि चारनंतर प्रत्येकीने एक टाळी द्यायची. जोडणाऱ्याला ती टाळी फार मोलाची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकीखाली एक आवाजाच्या पट्ट्या दिसतात, दांडीवर वाळत घातलेल्या साड्यांसारख्या. त्यात टाळीच्या जागी एक उभा सुळका असतो. सगळे सुळके एका रेषेत आणले की गाणं आपसूक जुळतं.

जोडायचं काम माझ्याकडे आलं. ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मुलीने बसवून दिलं. रात्री घरातलं आवरलं की मी हेडफोन लावून बसायची. लोकल २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून बंद होत्या. रुळांजवळ राहणाऱ्यांनाच कळेल, ती शांतता किती अनोळखी होती.

आणि त्या शांततेत मी माझ्या मैत्रिणींना पहिल्यांदा ऐकलं.

वर्षानुवर्षं मांडीला मांडी लावून गायलो होतो. कुणाला कुठला अभंग आवडतो, कुणाला साबुदाण्याची खिचडी चालत नाही, कुणाच्या सुनेचं कुठे बिनसलंय, सगळं ठाऊक. पण त्यांचा एकटीचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, कारण तो कधी एकटा नव्हताच. आता एका पट्टीवर बाकीचे सगळे आवाज बंद करून मी एकेकीला ऐकत होते. ओळीच्या आधी घेतलेला श्वास ऐकू येत होता. बांगड्या ऐकू येत होत्या. कुकरची शिट्टी, जिना उतरणाऱ्या चपला, “आई, झालं का तुझं?” असं विचारणारा कुणाचा तरी मुलगा. एका फायलीत पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत लांबून अँब्युलन्स वाजते आहे, आणि गाणारी एकदाही सुरावरून ढळलेली नाही.

आमच्या मंडळातली सगळ्यांत मोठ्याने बोलणारी वहिनी, हॉलमध्ये पाऊल टाकायच्या आधी जिचा आवाज पोचतो ती, फायलीत इतकी हळू गात होती की मला आवाज बराच वाढवावा लागला. दार लावून, पलीकडच्या खोलीतल्या माणसाला कळू नये अशा बेताने. दुसऱ्या कडव्यावर ती थांबली होती. काही वेळ नुसता तानपुरा ऐकावा तसं मी तिचं गप्प राहणं ऐकत राहिले. मग फाइल संपली. तिने ती तशीच पाठवली होती.

सकाळी मी तिला फोन केला. आवाज छान आलाय म्हटलं, आणि विचारलं, “घरी कसं आहे सगळं?” आठवड्यात दोनदा तरी आमचं बोलणं व्हायचं आणि प्रत्येक वेळी ती “मजेत” म्हणायची. त्या सकाळी म्हणाली, यांचा पगार मार्चपासून झालेला नाही, घरात सगळे एकमेकांवर खेकसतात, आणि गाताना रडू आलं म्हणून थांबले. आषाढीच्या प्रसादासाठी मंडळाची वर्गणी जमा होती. काकूंशी बोलून ती त्या महिन्यात कुठे वापरायची ते ठरलं. याहून जास्त इथे सांगायला नको.

मला तेव्हापासून असं वाटतं, आणि मी ते ठामपणे म्हणते, की त्या दिवसांत आम्हाला जोडून ठेवलं ते तयार झालेल्या गाण्याने नव्हे. चौकोनी चौकोनी तोंडांचे ते व्हिडिओ त्या वर्षी इतके आले की कुणी शेवटपर्यंत पाहिले असतील असं मला वाटत नाही. आमचाही गेला असेल चार ग्रुपवर. जोडून ठेवलं ते त्याच्या आधीच्या कामाने. फोनवर माणूस ‘ठीक आहे’ म्हणू शकतो. पण गायला श्वास लागतो, आणि श्वासाला ‘ठीक आहे’ म्हणता येत नाही. आवाज कुठे दबला, कुठे कोरडा पडला, कुठे अजून नेहमीसारखा भरून येतो, हे ऐकल्यावर कुणाला आधी फोन करायचा ते मला कळायचं.

चौथ्या मजल्यावरच्या आजी मंडळात सगळ्यांत जुन्या. जन्म संगमेश्वरकडचा. त्यांची पट्टी एकटी लावली तेव्हा मी ती पुन्हा पुन्हा ऐकली. आजी प्रत्येक ओळ किंचित मागाहून उचलतात. शब्द ठेक्यावर पडायच्या ऐवजी ठेक्याला टेकून बसतो. आणि ओळीचा शेवटचा स्वर सोडताना त्याला एक बारीक हेलकावा देतात, कोकणात देवळांतल्या आरत्यांमध्ये ऐकू येतो तो. आमच्या मंडळाचा म्हणून जो एक ढंग मी इतकी वर्षं ओळखत होते, सप्ताहात चार मंडळं एकामागून एक गायली तरी डोळे मिटून आमचं ओळखू यावं असा, तो आजींकडून येत होता. आम्ही सगळ्या नकळत त्यांच्यासाठी पाव मात्रा थांबत आलो होतो.

मुलगी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, “आई, ही पट्टी जरा डावीकडे सरकव, मग परफेक्ट बसेल.” तिचं बरोबर होतं, एका बोटाचं काम होतं. मी ती पट्टी हलवली नाही. उलट काकूंना सांगून पुढच्या अभंगाच्या वेळी सगळ्यांना ऐकायला पाठवला तो आवाज आजींचा होता.

त्या वर्षी आषाढी एकादशी १ जुलैला होती. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांबरोबर लाखो माणसं चालत जातात. त्या वर्षी वारी निघाली नाही, पादुका आदल्या दिवशी एसटीने पंढरपूरला गेल्या. टीव्हीवर फुलांनी सजवलेली एसटी बघताना आमच्या ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग आजींनी, कुणी न सांगता, आपण होऊन एक अभंग म्हणून पाठवला. तबला नाही, पेटी नाही. त्याखाली वहिनीने पुढचा पाठवला. मग काकूंनी. रात्रीपर्यंत तो ग्रुप म्हणजे एकापाठोपाठ एक नुसते आवाज होते. ते मी जोडले नाहीत. जोडायची गरजही नव्हती.

आजींना मी नंतर विचारलं, तुम्हाला हे एकटीने फोनमध्ये गाणं अवघड नाही गेलं? बाकीच्या किती लाजल्या. त्या म्हणाल्या, लहानपणी पहाटे आईबरोबर जात्यावर बसायची मी. तिथे तरी कोण होतं ऐकायला? आजींच्या आईच्या पिढीतल्या बायकांनी जात्यावर जे गायलं त्यातलं थोडं आपल्यापर्यंत आलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांत फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना एक गोष्ट दर पानावर दिसते. ओवी म्हणणारी बाई बोलत असते ती बहुतेकदा समोर नसलेल्या माणसाशी. माहेरच्या आईशी, न्यायला न आलेल्या भावाशी, सासरी गेलेल्या लेकीशी, पंढरीच्या विठोबाशी. उत्तर येणार नाही हे माहीत असून बोलत असते. समोर, खुंट्याला दुसरा हात लावून बसलेली बाई मात्र ऐकत असते आणि पुढची ओवी तिची असते. आमच्या घरात जातं फक्त लग्नाच्या मुहूर्ताला निघतं, पण आजी ज्या सहजपणे फोनपुढे बसल्या तो त्यांना तिथून मिळाला होता.

२०२१चा एप्रिल त्याहून वाईट होता. पहिल्या वर्षी आजार बातम्यांत होता, दुसऱ्या वर्षी जिन्यात आला. मंडळातल्या एकीचे यजमान गेले. शेवटचं तोंडही नीट बघायला मिळालं नाही, भेटायला जायची सोय नव्हती. माझ्या शेजारी बसून टाळ धरणारी, माझ्याच वयाची मैत्रीण खाट मिळता मिळता दोन दिवस गेल्यावर कशीबशी दाखल झाली, ऑक्सिजनवर राहिली आणि घरी परत आली. परत आली तेव्हा चार वाक्यं सलग बोलता येत नव्हती.

तिने मेसेज केला, यंदाच्या आषाढीचं सुरू केलं असेल तर मला पण घे. मी लिहिलं, तू नुसते टाळ पाठव. तिचं उत्तर आलं, टाळ नाही, गायचंय.

तिने पाठवलेल्या फायली म्हणजे अर्ध्या अर्ध्या ओळी होत्या. दोन शब्द, मग धाप, मग फाइल संपली. पुढचे दोन शब्द दुसऱ्या फायलीत. खाली लिहिलेलं, “मधे श्वास घेतेय, चालेल का बघ.” काकूंना मी त्या ऐकवल्या. काकूंनी दोन दिवस घेतले आणि अभंगाची चाल नव्याने बांधली. काळी चार सोडून जरा खाली, काळी तीनवर आणली, ठेका संथ केला, आणि प्रत्येक ओळ तिचा श्वास जिथे संपतो तिथे तोडली. मग सगळ्यांना सांगितलं, “तुमचा कितीही पुरत असला तरी श्वास इथे, इथे आणि इथे घ्यायचा.” सगळ्यांनी तिथेच घेतला. ते गाणं ऐकलं तर तिचा आवाज वेगळा काढता येत नाही. सगळं मंडळ तिच्या श्वासाने गात आहे.

लंडनमध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेराने इम्पीरियल कॉलेजच्या रुग्णालयांबरोबर २०२०मध्येच असंच काही सुरू केलं होतं, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. कोविडनंतर ज्यांची धाप जात नव्हती त्यांना गायक ऑनलाइन शिकवत, सहा आठवडे, आणि गायला घेत अंगाया. अंगाई का, तर ती संथ असते, सोपी असते, आणि न शिकलेल्या माणसाला म्हणता यावी म्हणूनच बनलेली असते. पुढे १५० रुग्णांवर केलेली चाचणी २०२२मध्ये प्रसिद्ध झाली. गाणाऱ्यांच्या मनाच्या स्वास्थ्यात सुधारणा दिसली होती आणि काही बाबतींत धापेतही. माझ्या मैत्रिणीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मला तर तेव्हा एवढंच कळत होतं की त्या दिवशी दोन शब्द झाले, उद्या तीन व्हायला हवेत, कारण तू वाट बघतेस.”

आता आम्ही पुन्हा हॉलमध्ये बसतो. तीच सतरंजी, पेटी नवी. मास्क कधीच गेले. पहिल्या काही गुरुवारी सगळ्यांना एकत्र गाण्याचा आनंद इतका झाला की कुणाला दुसरं काही सुचत नव्हतं, मलाही. पण मग एके दिवशी वहिनी म्हणाली, “अगं, आता एकमेकींचं ऐकूच येत नाही की.” तिचं म्हणणं काकूंनी उचललं. तेव्हापासून सुरुवातीचा एक अभंग एकटीने म्हणायचा असं ठरलं, दर गुरुवारी एक जण, बाकीच्यांनी टाळसुद्धा खाली ठेवायचे. काही जणींनी खूप आढेवेढे घेतले. आजी मुलाकडे नाशिकला राहायला गेल्यात, त्या त्यांच्या पाळीचा अभंग फोनवर म्हणून पाठवतात आणि आम्ही तो स्पीकरवर लावतो. पंधरा दिवसांपूर्वी तो ऐकताना वरचा स्वर नेहमीसारखा लागला नाही असं तिघींना वाटलं. काकूंनी भजन संपायच्या आधीच नाशिकला फोन लावला. सर्दी होती. येत्या गुरुवारी पाळी माझ्या टाळवाल्या मैत्रिणीची आहे. तिने काकूंकडे काळी चार मागितली आहे.